खांदा लोकरी की सुती

"उष्णतेच्या बाबतीत मला कुणी शहाणपण शिकवायचं नाही," पारा म्हणाला. "कंबर धरू दे, मान अवघडू दे, गुडघा कुरकुरू दे, औषध एकच. शेक. आणि शेक म्हणजे काय, हे दोघांनाच कळतं. एक सूर्य आणि दुसरा मी."

हे तो लाँड्रीच्या मालकीणबाईंना सांगत होता, त्यांच्या गुडघ्याबद्दल, त्यांनी काहीही विचारलेलं नसताना. बोलता बोलता त्याने ओल्या पडद्यांचं गाठोडं वरच्या फळीवर टाकायला उजवा हात उचलला. खांद्यात कुणीतरी वाळकी काडी मोडावी तसा आवाज झाला. गाठोडं खाली आलं ते नेमकं मालकीणबाईंच्या त्याच गुडघ्यावर, आणि पाराचा हात छातीच्या वर जायला तयार होईना.

पारा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. इस्त्री किती तापली आहे हे तो बोट न लावता, नुसता गाल जवळ नेऊन सांगायचा, म्हणून लोक त्याला पारा म्हणायचे. शिवाय तो कुठल्याही इस्त्रीच्या आधी तापायचा. हे दुसरं कारण त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

खांदा दुखावण्याला कुठलाच दिवस चांगला नसतो, पण हा फारच वाईट होता. दुसऱ्या दिवशी दुपारी एका मोठ्या हॉटेलातून बाई यायच्या होत्या. त्यांच्याकडे जेवणाच्या दालनात अंथरायचे लांबच लांब पांढरे टेबलक्लॉथ होते, आणि त्यांतला एक डोळ्यांदेखत इस्त्री करून दाखवायचा होता. मधे एकही रेघ नको, कडेला एकही चुणी नको. मालकीणबाईंनी सगळं स्पष्ट सांगून ठेवलं होतं. काम मिळालं तर खिडकीजवळचं टेबल पाराकडे राहील. नाही मिळालं तर ते टेबल निघेल, तिथे कपडे गिळून पलीकडून सपाट बाहेर काढणारं यंत्र येईल आणि पारा पुढे काउंटरवर बसेल.

काउंटर म्हणजे लोकांशी गोड बोलणं. पाराने मागे एकदा दोन दिवस ते काम केलं होतं. एका गिऱ्हाइकाला त्याने विचारलं होतं, की हा शर्ट तुम्ही घालता की याच्यात झोपतो कोणी. तेव्हापासून ते गिऱ्हाईक आणि शर्ट दोन्ही दिसले नव्हते. काउंटरवर बसायचं म्हणजे पाराच्या दृष्टीने जिवंतपणी फोटोत जाण्यासारखं होतं.

मालकीणबाईंनी गुडघा चोळत विचारलं, की उद्याचं जमेल ना. पारा म्हणाला, हातात नुसती लचक आहे, संध्याकाळी शेकतो, सकाळी झेंडा फडकवतो. हे बोलताना त्याने डाव्या हाताने उजवा हात धरून ठेवला होता, नाहीतर तो दुसऱ्याचाच वाटत होता.

संध्याकाळी बायकोने त्याला दवाखान्यात नेलं. बायको पोस्टात होती. दिवसभर शिक्के मारून तिला एक सवय लागली होती, की कुठलंही बोलणं ती एका ठोक्यात संपवायची. फिजिओवाली मुलगी तरुण होती, शांत होती, आणि तिने खांदा दाबून, फिरवून, पाराला दोनदा ओरडायला लावून सांगितलं, की फार काही झालेलं नाही. सांधा ताठरलाय, त्यात आज स्नायू ओढला गेला. आज थंड शेक, उद्या सकाळी सूज नसेल तर गरम. गरम म्हणजे सोसवेल इतपत, मधे टॉवेल ठेवून, पंधरा-वीस मिनिटं.

"म्हणजे कितपत?" पाराने विचारलं.

"कोमटपेक्षा थोडं जास्त."

पाराचा चेहरा असा झाला, की जणू गवयाला कुणी हळू आवाजात गुणगुणायला सांगितलंय. तो म्हणाला, ताई, मी इस्त्रीवाला आहे, तिसेक वर्षं वाफेत उभा आहे, कोमट हा शब्द आमच्याकडे आंघोळीला वापरतात. ती हसली आणि म्हणाली, मग शेकाचं तुम्हाला जास्त सांगायला नको. एवढं ऐकलं आणि पारा उठून बाहेर पडला, कारण त्याला हवं ते सर्टिफिकेट मिळालं होतं. पुढचं वाक्य ती त्याच्या पाठीशी बोलली. ते बायकोने ऐकलं: शेकून झालं की हात लगेच हळूहळू हलवायचा, झुलवायचा, तसाच ठेवायचा नाही.

हे बायकोने रस्त्यात त्याला सांगितलं. पारा थांबलाच.

"गरम असताना हलवायचं? अगं, गरम कापड हलवलं तर घडी बसते का? तापवायचं, दाबायचं, आणि गार होईपर्यंत हातसुद्धा लावायचा नाही. हे पहिल्या दिवशी शिकवतात."

"तुम्ही कापड नाही आहात."

"सगळं कापडच असतं," पारा म्हणाला.

बायकोने शिक्का मारला: "करा मग काय करायचं ते. उद्या काउंटरवर बसलात तर मला सांगू नका."

सकाळी सूज नव्हती. पण पाराच्या जिवाला स्वस्थता नव्हती. त्याने गरम पाण्याची पिशवी भरली ती आधणाने, तीही गच्च. कोमटचा अपमान त्याला अजून झोंबत होता. बायकोने पिशवीला टॉवेल गुंडाळला आणि त्याला खुर्चीत बसवलं. पारा बसला. लगेच उठला. खिडकीशी गेला, परत आला, बसला, पिशवी खाली सरकली, ती उचलायला वाकला, खांदा ओरडला, पाराही ओरडला. मग त्याने घड्याळ पाहिलं. मग घड्याळ बंद पडलंय का ते विचारलं. माणसाने नुसतं बसून शेकायचं म्हणजे त्याच्या मते पाण्याने इस्त्री करण्यासारखं होतं; दाब कुठाय? तो पिशवीवर दाब यावा म्हणून भिंतीला खांदा लावून रेलला. गच्च भरलेली पिशवी झाकणातून फुसकन हसली आणि आधण त्याच्या पाठीऐवजी बायकोच्या पोस्टात न्यायच्या डब्यावर पडलं. बायकोने डबा पुसला, पर्स उचलली आणि दारातून एवढंच म्हणाली, की हलवा, झुलवा, ती मुलगी शिकलेली आहे. आणि गेली.

ती गेली आणि मेहुणा आला. तिनेच त्याला बोलावलं होतं, लक्ष ठेवायला. घर पेटू नये म्हणून काडेपेटीलाच राखणीला बसवावं, तसं हे झालं. मेहुण्याचं शोभेच्या माशांचं दुकान होतं. जगातल्या सगळ्या दुखण्यांचं मूळ पाण्याचं तापमान चुकण्यात आहे, असं त्याचं ठाम मत होतं. येताना तो काचेच्या टाकीत लावायचा छोटा थर्मामीटर घेऊन आला होता. त्याने तो दाजींच्या खांद्याला चिकटवला, वाचला आणि मान हलवली.

"दाजी, या तापमानाला माझा एकही मासा जगला नसता."

"मी मासा आहे का?"

"नाही, पण मासे तरी कुठे इस्त्री करतात," मेहुणा म्हणाला. हे उत्तर बिनचूक होतं की बिनडोक, हे पाराला ठरवता आलं नाही.

पाराने निर्णय घेतला. घरची इस्त्री काढली, जेवणाच्या टेबलावर चादर दुमडून टाकली, त्यावर उजवा खांदा वर येईल असा तो डाव्या कुशीवर आडवा झाला. वर ओला टॉवेल. आणि मेहुण्याला म्हणाला, फिरव. मेहुण्याने इस्त्री हातात घेतली आणि तिच्या चकतीकडे बघत बसला. चकतीवर कापडांची नावं होती.

"दाजी, कशावर लावू? सुती?"

"वेडा आहेस का? सुतीवर धूर निघेल. माणसाचं कातडं म्हणजे..." पारा विचारात पडला. आयुष्यात त्याला पहिल्यांदाच कापड ओळखता येत नव्हतं. रेशीम म्हणावं तर केस होते. टेरिकॉट म्हणावं तर ते चुरगळत नाही आणि तो तर नखशिखांत चुरगळला होता. "लोकर," तो शेवटी म्हणाला. "लोकर धर. ओल्या फडक्यावरून, ठेवायची आणि उचलायची. घासायची नाही. लोकर घासली की आकसते."

"आतून लोकर असेल, पण बाहेरून जुना सुती वाटतो."

"लोकर म्हटलं ना."

मेहुण्याने लोकरीवर लावली आणि ठेवत-उचलत गेला. वाफ निघाली. टॉवेलची चौकट-चौकट नक्षी दाजींच्या खांद्यावर उमटली, लाल रंगात, चांगली ठसठशीत. इथे हेही सांगायला हवं, की असलं काही कुणी घरी करून बघू नये. पाराचं कातडं तीस वर्षांच्या वाफेने जाडं झालेलं होतं म्हणून फोड आला नाही, नुसता टॉवेलचा नमुना उमटला. पण खांद्याला बरं वाटलं, हेही खरं. पारा उठला, हात हळूच उचलला. छातीपर्यंत आला. मग पुढे सरकला. मधे एका ठिकाणी डोळ्यांपुढे काजवे चमकले, तो ओरडला, ते ठिकाण ओलांडलं, आणि हात सरळ वर गेला. पार छताकडे.

"बघ," पारा म्हणाला. "आता हा असाच गार होऊ द्यायचा. ज्या घडीत गार होतो त्याच घडीत बसतो."

बायकोने मेहुण्यालाही बजावलं होतं, त्याची त्याने आठवण करून दिली. हलवा, झुलवा. पाराने त्याच्याकडे दयेने पाहिलं. मग त्याने लाँड्रीत कुणी न नेलेला एक टाय काढला, मनगट त्या टायने पडद्याच्या दांडीला बांधून घेतलं आणि तिथेच स्टुलावर बसला. गार लवकर व्हावं म्हणून मेहुण्याने पंखा खांद्यावर सोडला. पारा बसून राहिला. स्वस्थ बसता येत नव्हतं म्हणून पायांनी बसल्या बसल्या जमीन खणत होता, पण हात हलू दिला नाही. आयुष्यात एवढी मेहनत त्याने कुठल्याच कॉलरवर घेतली नव्हती.

मग मेहुण्याने गाठ सोडली. हात वरच राहिला.

पाराने तो खाली आणायला सुरुवात केली. कानापर्यंत आला आणि तिथे ते मघाचं काजव्यांचं ठिकाण आडवं आलं. आता तिथे काजवे नव्हते, वीज होती. हात झटकन परत वर गेला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा वर. वर असला की काही दुखत नव्हतं. खाली असता तरी दुखलं नसतं. पण वरून खाली जायचा रस्ता बंद होता, आणि रस्त्याच्या पलीकडे दुपार होत आली होती.

मेहुणा म्हणाला, घडी चांगली बसलीय दाजी. बायको म्हणाली होती, मला सांगू नका. तिलाही फोन करायची सोय राहिली नव्हती.

दोघं लाँड्रीकडे निघाले. शर्टाची उजवी बाही घालता आली ती नशिबाने, वरूनच सोडावी लागली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते काय, हे पाराला त्या रस्त्यावर कळलं. समोरच्या इमारतीतला शेजारी, ज्याच्याशी वर्षानुवर्षं बोलणं बंद होतं, खिडकीत उभा होता. त्याने हात बघितला, क्षणभर घोटाळला, आणि डोळे भरून येऊन त्यानेही हात हलवला. वर, संध्याकाळी चहाला येतो, असंही ओरडून सांगितलं. पाराला नाही म्हणायला मान हलवावी लागली असती, पण मान हलवली की खांदा ओढत होता. म्हणून तेही ठरलं.

पुढे बस थांबली. थांबा नव्हता, तरी थांबली. ड्रायव्हर म्हणाला, हात केलात ना, चढा आता. पारा म्हणाला, मी हात केला नाही, माझा हात आहेच. मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या. दोघं चढले. बस त्यांच्याच रस्त्याने जात होती, हे एक बरं. आणि बसमध्ये वरची दांडी धरल्यावर सकाळपासून पहिल्यांदा पारा चारचौघांसारखा दिसला. एक म्हातारे गृहस्थ दांडीपर्यंत पोहोचत नव्हते. त्यांनी पाराचं कोपर धरून प्रवास केला आणि उतरताना आभार मानले.

लाँड्रीत हॉटेलच्या बाई आधीच येऊन बसल्या होत्या. मालकीणबाईंनी पाराचा हात पाहिला, मग पाराकडे पाहिलं, मग छताकडे. त्यांना वाटलं काहीतरी गळतंय. बाई मात्र कामाच्या होत्या, लगेच विचारायला लागल्या. इथे इस्त्री कोण करतं? सगळ्यांनी पाराकडे पाहिलं. हात वर होताच. डाग राहिला, कापड जळालं, तर जबाबदार कोण? मालकीणबाई तोंड उघडणार तेवढ्यात बाई म्हणाल्या, छान, तुम्हीच. आणि गठ्ठा वेळेवर पोहोचवायचं कोण बघतं? तेही तुम्हीच? मालकीणबाई हळूच म्हणाल्या, की त्यांचं जरा खांद्याचं आहे. बाईंना ते ऐकू गेलं नाही. त्या म्हणाल्या, बाकी लाँड्र्यांमध्ये कुणी पुढे येत नाही, सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. इथला माणूस स्वतः हात वर करतो. मला असा माणूस हवा.

पारा खिडकीजवळच्या टेबलाकडे वळला. म्हणजे फक्त इस्त्री राहिली.

त्याने टेबलक्लॉथ पसरला, पाणी मारलं, लाँड्रीतली जुनी जड इस्त्री पूर्ण तापवली आणि डाव्या हातात घेतली. डावा हात त्याने आजवर फक्त कापड ताणायला वापरला होता. मेहुण्याला त्याने टेबलक्लॉथचं दुसरं टोक धरायला लावलं आणि डोळ्यांनी दम दिला, की एक शब्द बोलायचा नाही. इस्त्री पहिल्यांदा फरफटली. मग चालायला लागली. ओल्या कापडातून वाफ वर येत होती, त्या वाफेत पारा वाकून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे येरझारा घालत होता, आणि त्याच्याबरोबर वरचा हात बोटीच्या डोलकाठीसारखा डुलत होता. बाई टेबलाभोवती फिरून बघत होत्या. रेघ नव्हती. चुणी नव्हती. मालकीणबाईंनी श्वास रोखून धरला होता.

आणि अर्धं कापड झालं तेव्हा पाराला जाणवलं, की डोळ्यांपुढे कोपर आलंय. हात डुलता डुलता, वाफेत, आपला आपण खाली उतरत होता. कानाशी आला. पाराने वीज पडायची वाट पाहिली. पडली नाही. खांद्याशी आला. छातीशी आला. मग एखादं दमलेलं मूल येऊन मांडीवर बसावं तसा तो टेबलाच्या कडेवर येऊन टेकला. पाराने बोटं हलवली. मनगट फिरवलं. खांदा गोल फिरवला. काही नाही. काहीच दुखत नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं ते त्याने वाफेवर ढकललं आणि इस्त्री उजव्या हातात घेतली. आता काय, राहिलेलं अर्धं कापड त्याने लोण्यातून सुरी फिरवावी तसं उरकलं. शेवटचा हातभर पट्टा राहिला. तोही मधला, ज्याच्यावर रेघ येते म्हणून सगळे घाबरतात.

हॉटेलच्या बाई टेबलाजवळ आल्या. त्यांनी मघाशी हात उतरताना पाहिला होता आणि तेव्हापासून त्या आपली मान चोळत होत्या. त्यांनी आवाज खाली आणला.

"हे वाफेचं मानेला चालतं का हो?"

दोन वाक्यांत सांगण्यासारखं होतं. टॉवेल, सोसवेल इतपत गरम, आणि नंतर हळूहळू हालचाल. पण पाराला आजवर असं आपणहून कुणी विचारलं नव्हतं. तो पूर्ण त्यांच्याकडे वळला. मानेचा स्नायू हा रेशमी असतो, असं त्याने सुरू केलं. खांदा लोकरी, कंबर जाड सुती, मान मात्र रेशीम. रेशमाला वाफ लांबून. गार होऊ द्यायचं नाही, तिथेच लोक चुकतात, लोक शेकून गप्प बसतात, अडाणी असतात. झुलवायचं, असं. त्याने दोन्ही हात झुलवून दाखवले. बाईंनी मान झुलवली. मालकीणबाईंनी, कशाला सोडा, म्हणून गुडघा झुलवला. मेहुणा टेबलक्लॉथचं टोक धरून उभा होता. त्याला एक शब्दही बोलायची बंदी होती आणि तो ती पाळत होता.

इस्त्री त्या शेवटच्या पट्ट्यावर आडवी ठेवलेली होती. टेबलक्लॉथ जळाला, खालचं कांबळं जळालं आणि खिडकीजवळच्या टेबलाला मधोमध आरपार भोक पडलं.